यादीत नसलेला रेणू : सातारा जिल्ह्यातल्या एका विहिरीचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या उताराला, ओढ्याच्या अलीकडे, साठ-सत्तर उंबऱ्यांची वस्ती आहे. वस्तीच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी ‘पीफास’ या रसायनांसाठी दोनदा तपासले गेले. पहिल्या अहवालात प्रत्येक ओळीपुढे ‘आढळले नाही’ असे छापले होते. दुसऱ्या अहवालात पीफास होते, आणि तेही शंकेला जागा न ठेवणारे. मधल्या काळात विहिरीत नवे काही पडले नव्हते. दोन्ही प्रयोगशाळांनी आपापले काम नीट केले होते. तरी दोन कागद असे उलटसुलट का बोलले, हे सविस्तर लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते. उद्या दुसरी एखादी पंचायत अशी तपासणी करून घ्यायला निघाली, तर तिच्या हातात आधी पहिल्यासारखाच कागद पडण्याची शक्यता मोठी आहे.

मी रासायनिक विश्लेषणाच्या क्षेत्रातला. नमुने घेताना आणि अहवाल वाचताना मी वस्तीसोबत होतो. गावाचे, माणसांचे आणि प्रयोगशाळांचे नाव इथे नाही. अहवाल पंचायतीच्या मालकीचे आहेत आणि नेमके आकडे छापू नयेत अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून निष्कर्ष प्रमाणाच्या भाषेत सांगतो.

आधी रसायनाबद्दल थोडे. पीफास हे एकाच पदार्थाचे नाव नव्हे, हजारो पदार्थांच्या कुळाचे आहे. कार्बनच्या साखळीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवलेला असतो. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात; सेंद्रिय रसायनात कार्बनचा याहून बळकट एकेरी बंध नाही. ऊन, जिवाणू, आम्ल, उकळते पाणी यांपैकी कशालाही तो दाद देत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ या रसायन कंपनीत काम करणाऱ्या रॉय प्लंकेट यांच्या हाती टेफ्लॉन योगायोगाने लागले, आणि त्यानंतर हे कूळ तव्यापासून पावसाळी जाकिटापर्यंत सगळीकडे पसरले. त्यातल्या पीएफओएस या रेणूवर स्टॉकहोम कराराने, म्हणजे न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, २००९ मध्ये निर्बंध घातले, पीएफओए २०१९ मध्ये त्याच्या यादीत आला, पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ च्या अखेरीस पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. शरीरात गेलेला पीएफओए निम्मा व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, पीएफओएसला त्याहून जास्त.

वस्तीतला पहिला गैरसमज इथेच होता. जलसुरक्षकाने मला जिल्हा प्रयोगशाळेचा पाण्याचा अहवाल दाखवला. “फ्लोराइड तपासलंय की सर. एकच्या आत हाय.” लिटरला १ मिलिग्रॅम ही फ्लोराइडची मर्यादा त्याला तोंडपाठ होती, आणि याचे मला मनापासून कौतुक वाटले. पण ती चाचणी पाण्यात सुटा फिरणारा फ्लोराइड आयन मोजते. पीफासमधला फ्लोरिन कार्बनला घट्ट धरून बसलेला असतो; तो त्या इलेक्ट्रोडला दिसतच नाही. एखाद्या विहिरीत पीफास भरपूर असले तरी फ्लोराइडचा अहवाल निर्दोष येऊ शकतो.

मुळात संशय आला तो फेसामुळे. वळवाच्या पहिल्या पावसात ओढ्यावर पांढरा फेस साचला. वसाहतीत हार्ड क्रोम प्लेटिंगचे काम चालते आणि वस्तीतली काही मुले तिथे कामाला आहेत. त्यांनी सांगितले की क्रोमच्या टाकीत ‘फेसाचं औषध’ टाकतात. ही माहिती खरी आणि महत्त्वाची होती. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की वायूचे बुडबुडे उठतात, फुटतात आणि क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडतात. त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग घडवतो. तो उडू नये म्हणून टाकीत असा पदार्थ घालतात की पृष्ठताण कमी होतो आणि वर फेसाचा थर धरतो. क्रोमिक आम्लात साधा साबण टिकत नाही, फ्लोरिनवाला टिकतो. म्हणून जगभर त्यासाठी पीएफओएस वापरला गेला आणि त्याच्यावर निर्बंध आल्यावर बऱ्याच ठिकाणी ६:२ एफटीएस नावाचा रेणू. कामगाराला वाचवणारी वस्तू सांडपाण्यातून दुसऱ्याच्या विहिरीत जाते, ही या विषयातली सगळ्यात वेदनादायक बाजू आहे.

मात्र फेस हा पुरावा नाही. कपड्यांच्या पावडरीने फेस होतो, कुजलेल्या पाल्यानेही होतो. पंचायतीने आधी क्रोमियम तपासून घेतला होता आणि तो मर्यादेत होता. त्यामुळे अर्धी वस्ती निश्चिंत होती आणि अर्धी वस्ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे औद्योगिक वसाहतीच्या बातम्या वाचून घाबरलेली.

लोटेचे थोडक्यात सांगतो, कारण ‘हे लोटेहून आले का?’ हा प्रश्न मला ठिकठिकाणी विचारला जातो. इटलीत विचेन्झाजवळचा मिटेनी हा पीफास बनवणारा कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याच्या प्रदूषणाबद्दल तिथल्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लोटे परशुरामला आली. चिंता रास्त आहे, पण लोटे सह्याद्रीच्या पलीकडे आहे. तिथले पाणी वाशिष्ठीकडे, दाभोळच्या खाडीकडे उतरते. कोयनेचे पाणी वीजघरातून पोफळीकडे, म्हणजे आपल्याकडून तिकडे जाते. तिकडचे पाणी घाट चढून कृष्णेच्या खोऱ्यात येत नाही. वस्तीच्या विहिरीत काही असेल तर त्याचा उगम उताराच्या वरच्या बाजूलाच शोधायला हवा होता.

पहिला अहवाल

पंचायतीने वर्गणी काढून एका खासगी प्रयोगशाळेत नमुना पाठवला. अठरा रेणूंची यादी होती. ही यादी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या ५३७.१ या पद्धतीची. पिण्याच्या पाण्यासाठी ती प्रतिष्ठित मानली जाते आणि त्यात गैर काही नाही. प्रत्येक ओळीपुढे ‘आढळले नाही’, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात ०.०१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही नोंदीची किमान मर्यादा.

०.०१ मायक्रोग्रॅम म्हणजे १० नॅनोग्रॅम. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस यांना प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. म्हणजे पाण्यात त्या मर्यादेच्या दुप्पट पीएफओए असता तरी हा कागद ‘आढळले नाही’ असेच म्हणाला असता. ही पातळी किती बारीक आहे ते डोळ्यांसमोर यावे म्हणून: वीस फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल, तर लिटरला ४ नॅनोग्रॅम या हिशोबाने सगळ्या विहिरीत मिळून साधारण अर्धा मिलिग्रॅम पदार्थ असतो, मिठाच्या काही दाण्यांएवढा.

मर्यादेची अडचण मी ग्रामसभेत समजावून सांगितली. पण यादीची अडचण माझ्याहून नेमकी मांडली ती सरपंचांच्या दाजींनी. ते तासगावकडचे द्राक्षबागायतदार, निर्यातीचा माल करणारे, पाहुणे म्हणून आले होते. युरोपला द्राक्षे पाठवायची तर प्रत्येक बागेचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांचा अहवाल, लागतो, त्यामुळे सांगली जिल्ह्यातल्या या मंडळींना प्रयोगशाळेचा कागद वाचायची सवय आहे. ते म्हणाले, “आमच्या रिपोर्टात यादीतल्या औषधांचीच नावं येत्यात. यादीत नसलेलं औषध फवारलं असलं तरी कागद कोराच येणार. तुमच्या यादीत ते क्रोमवाल्यांचं औषध हाय का, आधी ते बघा.”

पाहिले. नव्हते. ५३७.१ च्या अठरा नावांत ६:२ एफटीएस नाही. वसाहतीच्या उताराला ज्या रेणूची सगळ्यात जास्त शक्यता, तोच विचारलेला नव्हता. त्याच संस्थेची ५३३ क्रमांकाची दुसरी पद्धत आहे, २०१९ ची, पंचवीस रेणूंची; तिच्यात ६:२ एफटीएस आहे आणि आखूड साखळीचे पीएफबीए, पीएफपीईए आहेत. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर एकोणतीस नावे होतात. दुसऱ्या फेरीसाठी आम्ही एकोणतीसच मागितली, आणि प्रत्येक रेणूसाठी नोंदीची मर्यादा २ नॅनोग्रॅमच्या आसपास असेल हे आधी लेखी घेतले.

विहिरीवर

नॅनोग्रॅमच्या पातळीवर काम करताना नमुना घेणारा माणूसच प्रदूषणाचा स्रोत ठरू शकतो. पहिला नमुना पंपाच्या तोटीतून घेतला होता. तोटीच्या आट्यांवर प्लंबरने नेहमीप्रमाणे टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. त्या टेपमधून काही आले असेलच असे नाही, पण उद्या अहवालात काही निघाले तर संशयाला तेवढी जागा पुरते. म्हणून तोटी सोडून दिली. नव्या स्टीलच्या बादलीला सुती दोरी बांधली, बादली मेथॅनॉलने आणि मग विहिरीच्याच पाण्याने विसळली. बाटल्या प्रयोगशाळेकडून आल्या होत्या, पॉलिप्रॉपिलीनच्या, २५० मिलिलिटरच्या, झाकणाला आत टेफ्लॉनचे अस्तर नसलेल्या. प्रत्येक बाटलीत अमोनियम अॅसिटेटची चिमूट आधीच घातलेली होती, कारण विहिरीत टीसीएल पावडर टाकतात आणि पाण्यात सुटा क्लोरिन शिल्लक राहतो; हे मीठ त्याला बांधून ठेवते.

पाऊस भुरभुरत होता. जलसुरक्षक अंगावर रेनकोट चढवून आला तेव्हा त्याला तो गाडीवर ठेवून यायला सांगितले. पाणी न धरणाऱ्या कापडावर बरेचदा हेच रसायन असते. बिचारा भिजत उभा राहिला. नायट्राइलचे हातमोजे दर बाटलीला बदलले.

मग जी बाटली बघ्यांना सगळ्यात विचित्र वाटली ती भरली. प्रयोगशाळेने पीफास नसलेले शुद्ध पाणी एका बाटलीत पाठवले होते. ती विहिरीच्या काठावर उघडायची, तिथल्याच हवेत ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचे आणि झाकण लावून नमुन्यांबरोबर परत पाठवायचे. याला फील्ड ब्लँक म्हणतात. आमचे हात, हवा, बाटल्या, प्रवास यांतून काही मिसळले असेल तर ते या बाटलीतही उमटेल. माझ्या मते फील्ड ब्लँक नसलेला पीफासचा अहवाल, चांगला असो वा वाईट, कुणी गंभीरपणे घेऊ नये.

जागाही निवडून घेतल्या. विहीर. विहिरीचाच दुसरा जोडनमुना. ओढा, वसाहतीच्या वर आणि वसाहतीच्या खाली. उताराच्या वरच्या टोकाची एक बोअर. आपल्याकडे वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक पाणी धरतो, आणि विहिरीला येणारे पाझर बहुतेक तिथूनच असतात. ओढ्याचे पाणी मुरून विहिरीत यायला फार खोल जावे लागत नाही. बोअरला पाणी काळ्या पाषाणातल्या भेगांतून येते, आणि ही बोअर तर वसाहतीच्याही वर आहे. विहिरीत सापडले आणि बोअरमध्ये नाही, तर दिशा कळणार होती. सगळ्या बाटल्या बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवल्या.

प्रयोगशाळेत

पाणी थेट यंत्रात घातले तर एवढे बारीक प्रमाण दिसत नाही; आधी ते घट्ट करावे लागते. बाटलीभर पाणी एका छोट्या नळीतून सावकाश गाळतात. नळीतल्या दाण्यांवर धनभार असतो, पीफासची आम्ले पाण्यात ऋणभारित असतात, ती दाण्यांना चिकटतात. बाकीचे धुऊन टाकायचे, मग अमोनिया मिसळलेल्या मेथॅनॉलने पीफास सोडवून घ्यायचे आणि नायट्रोजनच्या झोतात आटवून एक मिलिलिटरवर आणायचे. २५० मिलिलिटरचे एक झाले, म्हणजे प्रमाण अडीचशे पट वाढले.

या सगळ्यात काही पदार्थ वाटेत गळतोच. किती गळला हे कळण्याची युक्ती मला या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. गाळण्याआधीच पाण्यात मोजून तेच रेणू घालतात, पण त्यांचे काही कार्बन नेहमीच्या १२ वजनाऐवजी १३ वजनाचे असतात. रसायन तेच, वागणूक तीच, गळतीही तेवढीच. फक्त यंत्राला तो वजनावरून वेगळा ओळखू येतो. घातलेल्यातला सत्तर टक्के परत मिळाला तर पाण्यातल्या रेणूचाही सत्तर टक्केच हाती आला असे धरून हिशोब दुरुस्त होतो.

यंत्र म्हणजे एलसी-एमएस/एमएस, द्रवातले रेणू वेगळे करून त्यांना वजनावरून ओळखणारे, दाजींच्या द्राक्षांचे रिपोर्ट ज्यावर निघतात त्याच जातीचे. एक फरक मी आधी विचारून घेतला. या यंत्रांच्या आतल्या नळ्या आणि पंपाचे काही भाग टेफ्लॉनचेच असतात आणि त्यांतून पीफास झिरपते. म्हणून पंप आणि नमुना आत सोडण्याची जागा यांच्या मध्ये एक जादा कॉलम, म्हणजे रेणूंना अडवून वेगवेगळ्या वेळी सोडणारी नळी, बसवतात. यंत्राचे स्वतःचे पीफास तिथे अडून उशिरा बाहेर पडते आणि नमुन्यातल्याशी मिसळत नाही. ज्या यंत्रावर हा कॉलम नाही त्याच्या पीएफओएच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

कॉलममधून प्रत्येक रेणू आपापल्या वेळेला बाहेर येतो, ऋण आयन होतो आणि पहिल्या गाळणीत वजनाने निवडला जातो. पीएफओए ४१३ ला दिसतो. मग त्याला वायूच्या कणांवर आपटून फोडतात आणि तुकडा दुसऱ्या गाळणीत तोलतात. ४१३ चा ३६९ झाला, म्हणजे ४४ गेले, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सुटला. दुसरा तुकडा १६९. या दोन तुकड्यांचे आपसातले प्रमाण शुद्ध प्रमाणद्रव्यात जेवढे असते तेवढेच नमुन्यातही यायला हवे. वेळ, वजन, तुकडे आणि तुकड्यांचे प्रमाण हे सगळे जुळले तरच नाव लिहायचे.

फील्ड ब्लँक स्वच्छ आला. वरची बोअर आणि वसाहतीच्या वरचा ओढा यांत नोंदीलायक काही नव्हते. विहिरीत आणि खालच्या ओढ्यात ६:२ एफटीएस ठळक आला. ४२७ चा ४०७, हायड्रोजन फ्लोराइडचे २० गेलेले, दुसरा तुकडा ८१, प्रमाण बरोबर. विहिरीच्या दोन्ही जोडनमुन्यांत जवळपास सारखा. त्याच्याबरोबर पीएफओएसची थोडी नोंद होती, अमेरिकेच्या ४ नॅनोग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे घुटमळणारी. तिचे शिखर दुहेरी होते, एक मोठे आणि त्याला लागून लहान. विद्युतरासायनिक पद्धतीने बनवलेल्या जुन्या पीएफओएसमध्ये सरळ साखळीबरोबर फाटे फुटलेल्या साखळ्याही असतात, त्याचे हे चिन्ह. यातला मोठा उत्पादक थ्रीएम याने २००० मध्ये पीएफओएस बंद करण्याची घोषणा केली होती. पण एकदा जमिनीत गेलेले कुठे जाणार?

दुसऱ्या फेरीत जुन्या अठरा नावांवर आणि जुन्या १० नॅनोग्रॅमवर थांबलो असतो, तर पुन्हा शब्दशः पहिलाच कागद हाती आला असता.

दोनशे तेराचा घोळ

अहवालाच्या मसुद्यात आणखी एक ओळ होती आणि तिने दोन दिवस वस्तीची झोप उडवली. विहिरीत पीएफबीए भरपूर, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त.

पीएफबीए हा चारच कार्बनचा रेणू. २१३ चा १६९ होतो आणि तेवढेच. दुसरा कामाचा तुकडा मिळत नाही, म्हणजे प्रमाण पडताळायची सोयच नाही. २१३ वजनाचे दुसरे कोणतेही आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून १६९ होत असेल तर हे यंत्र त्याला पीएफबीए समजू शकते. मी मूळ आलेख मागवला. १३ कार्बनवाला पीएफबीए एका क्षणी बाहेर येत होता आणि विहिरीतले शिखर त्याच्या काही सेकंद मागे. दोघे एकच रसायन असते तर एकाच वेळी यायला हवे होते.

प्रयोगशाळेतल्या विश्लेषक मॅडमना हे दाखवल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता तोच अर्क उच्च विभेदनाच्या ऑर्बिट्रॅप यंत्रावर चालवला. हे यंत्र वजन चार दशांशांपर्यंत सांगते. पीएफबीएचा आयन २१२.९७९२ ला यायला हवा. फ्लोरिनने भरलेल्या रेणूंचे वजन पूर्णांकाच्या किंचित खाली पडते आणि हायड्रोजनने भरलेल्यांचे वर. विहिरीतले शिखर २१३.१५ च्या जवळ होते. त्यात फ्लोरिन नव्हताच. कुठले तरी मेदाम्लासारखे आम्ल होते, विहिरीत पडून कुजणाऱ्या पानोळ्यातून आलेले असू शकेल. अंतिम अहवालात पीएफबीएची ओळ गेली. ती तशीच छापली गेली असती, कुणी तरी तिच्यावर हरकत घेऊन जिंकले असते, आणि त्याबरोबर ६:२ एफटीएसच्या खऱ्या निष्कर्षावरचाही विश्वास उडाला असता. खोटा सापडलेला रेणू खऱ्या तक्रारीला असा बुडवतो, म्हणून मला त्याची न सापडलेल्या रेणूइतकीच धास्ती वाटते.

आले कुठून?

६:२ एफटीएस म्हणजे क्रोमवाले, असे वस्तीत ठरूनच गेले होते. ते इतके सरळ नव्हते. हाच रेणू आग विझवण्याच्या फोममध्येही येतो, आणि फोममधले मोठे रेणू जमिनीत तुटूनही तयार होतो. क्रोमच्या टाकीत तो स्वतःच घातला जातो. फोमबाबतीत मात्र त्याच्या मागे त्याचा मूळ रेणू सापडू शकतो. म्हणून ऑर्बिट्रॅपच्या त्याच नोंदीत, यादीबाहेरचे काय आहे ते शोधायला लावले.

पद्धत अशी: यंत्राने दिसेल ते सगळे टिपलेले असते. त्यातून पूर्णांकाच्या खाली किंवा अगदी जवळ पडणारी वजने वेगळी काढायची, एकमेकांपासून ४९.९९६८ च्या, म्हणजे एका कार्बन-दोन-फ्लोरिनच्या अंतराने उभ्या असलेल्या रांगा शोधायच्या, आणि ठाऊक असलेल्या पीफासच्या वजनांशी ताडून पाहायचे. खालच्या ओढ्याच्या नमुन्यात ५८६.०४ च्या जागी एक आयन मिळाला. फोममध्ये वापरल्या जाणाऱ्या एका गंधकयुक्त रेणूचे हे वजन, आणि तो जमिनीतल्या जिवाणूंच्या हाती पडला की ६:२ एफटीएस देतो हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. तुकडेही अपेक्षेसारखे होते. शुद्ध प्रमाणद्रव्य हाताशी नसल्यामुळे प्रयोगशाळेने ‘संभाव्य’ असेच लिहिले, आणि ते योग्यच केले.

तो कागद ग्रामसभेत वाचला तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, “रंगाचं गोदाम पेटलं व्हतं की. पांढरा फेस पार रस्त्यावर आला व्हता.” मग सगळ्यांनाच आठवले. काही वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक गोदाम जळाले होते. रंग आणि थिनरची आग पाण्याने विझत नाही, म्हणून फोम मारला होता. आग विझवणाऱ्यांनी आपले कर्तव्य केले; त्या फेसाचे पुढे काय होते हे त्यांना कुणी सांगितलेले नसणार.

याचा अर्थ क्रोमवाले निर्दोष सुटले, असा मी काढत नाही. फोमचा वाटा आहे असे मानायला आधार आहे. प्लेटिंगचा वाटा किती, हे त्यांच्या सांडपाण्याचा नमुना मिळेपर्यंत सांगता येणार नाही. तो नमुना वस्ती स्वतः घेऊ शकत नाही. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज केला आहे.

एकूण फ्लोरिन मोजणारी चाचणी लावावी अशीही सूचना आली होती. पाण्यातले सेंद्रिय फ्लोरिन कोळशावर धरायचे, हजार अंश सेल्सियसला जाळायचे आणि सुटलेला फ्लोराइड मोजायचा. रेणूचे नाव कळत नाही, बेरीज कळते. सांडपाण्याला ही उत्तम आहे, पण तिची पकड मायक्रोग्रॅमची; विहिरीच्या पाण्यासाठी मी नको म्हणालो. तिच्याऐवजी दुसरी करून घेतली. विहिरीचे पाणी अल्कलीत परसल्फेट घालून ८५ अंशांवर तापवले. त्यात न ओळखलेले मोठे रेणू तुटून ओळखीची आम्ले होतात. आधी आणि नंतर मोजले. ६:२ एफटीएसच्या हिशोबाने जेवढी आम्ले वाढायला हवी होती त्याहून अधिक वाढली. म्हणजे एकोणतीस नावांच्या पलीकडेही विहिरीत काही आहे.

पुढे काय झाले

कायद्याची बाजू लंगडी आहे. पिण्याच्या पाण्याचे आपले मानक, आयएस १०५००, यात पीफाससाठी मर्यादाच नाही. अमेरिकेच्या मर्यादांत ६:२ एफटीएस नाही. युरोपने वीस पीफासच्या बेरजेला १०० नॅनोग्रॅमची मर्यादा घातली आणि ती जानेवारी २०२६ पासून लागू झाली. त्या विसांतही तो नाही. स्वीडनने मात्र त्याला जोडून बेरीज एकवीसची केली. विहिरीतली बेरीज स्वीडनच्या हिशोबानेही १०० च्या खाली आहे, आणि हे मी वस्तीला स्पष्ट सांगितले. घाबरून विहीर बुजवण्याची गरज नाही. पण लहान मुले आणि गरोदर बायका वर्षानुवर्षे पीत राहाव्यात असे ते पाणी नाही, असे माझे मत आहे.

पाणी उकळून पीफास जात नाही. पाणी आटते आणि ते तेवढेच राहते. तुरटी, टीसीएल, यूव्ही यांचाही उपयोग नाही. आरओ आणि दाणेदार सक्रिय कोळसा उपयोगी पडतात, पण कोळसा लांब साखळीला चांगला धरतो, आखूड साखळीला लवकर सोडतो, आणि वेळेवर बदलला नाही तर काहीच करत नाही. वस्तीने सोपा मार्ग घेतला: शेजारच्या नळयोजनेतून पिण्यापुरती जोडणी. त्या नळाचे पाणीही एकोणतीस नावांसाठी तपासून घेतले, स्वच्छ आले.

विहीर आता उसाला आणि गुरांना चालू आहे. गुरांबद्दल मला काळजी आहे. अमेरिकेत मेन राज्यात दूषित गाळखत टाकलेल्या शेतांवरच्या गायींच्या दुधात पीएफओएस निघाला आणि तिथल्या काही दूध व्यावसायिकांचे गोठे बंद पडले. आपल्या विहिरीतले प्रमाण तसे नाही, तरी दुभत्या जनावरांना नळाचे पाणी द्यावे असे मी सुचवले. पाणी पुरत नाही, हे खरे उत्तर मिळाले. सरपंचांनी दोन गोठ्यांतल्या दुधाचा नमुना पाठवायचे ठरवले आहे, आणि गोदामाच्या आवारातल्या मातीचाही. प्रयोगशाळेकडून दुधासाठीची रेणूंची यादी आणि नोंदीची मर्यादा मागवली आहे. ती वाचून झाली की बाटल्या मागवू.